चार औषधांच्या सहा जोड्या

बाईंसमोर ‘चांगलं’ हा शब्द जपून वापरावा लागे. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ढाणकीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना भेटायला गेलो. आमच्या भागातल्या मोठ्या दवाखान्यात त्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर. अडलेला पेशंट आम्ही त्यांच्याकडे पाठवायचा. त्यांनी चहा मागवला. पहिला घोट घेऊन मी आपलं शिष्टाचार म्हणून म्हणालो, “चहा चांगला आहे.”

“कोनापेक्षा?” बाईंनी विचारलं.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. “नाही, म्हणजे... चांगला आहे.”

“थेच इचारून राह्यली. कोनापेक्षा चांगला? तुमच्या घरच्यापेक्षा? बसस्टँडवरच्यापेक्षा? का अजिबात न पेल्यापेक्षा?”

दाराशी रामधन उभा होता, दवाखान्याचा जुना शिपाई. तो तोंड फिरवून हसत होता. मी मान खाली घातली आणि तेव्हा बाईंच्या पायांकडे लक्ष गेलं. डाव्या पायात तपकिरी चप्पल होती, उजव्या पायात काळी.

बाहेर आल्यावर रामधननं खुलासा केला. दोन दुकानदारांनी आपापली चप्पल जास्त टिकते म्हणून सांगितलं होतं. बाईंनी दोन्ही घेतल्या आणि एकेका पायात एकेक घातली. रस्ता एकच, चालणारी एकच, दिवस तेच. महिनाभरानं अदलाबदल होणार होती. तपकिरी उजव्या पायात, काळी डाव्या पायात. कारण उजव्या पायावर आपला भार जास्त पडतो, असं बाईंचं म्हणणं होतं.

“लोक येडी म्हनते त्यायले,” रामधन म्हणाला. “त्यायले मालूम हाय. थे म्हनते, म्हनू द्या, चप्पल कोनती टिकली थे मीच सांगीन.”

बाई बंजारा तांड्यावरच्या. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. नागपूरला शिकल्या, पण पुस्तकी मराठी त्यांनी कागदापुरती ठेवली होती. कलेक्टरसमोरही ‘मले’ आणि ‘काहून’. एकदा एका साहेबानं हसत हसत विचारलं की बाई, तुम्ही अजून असंच बोलता? बाई म्हणाल्या, “पेशंटले असंच समजते. तुमाले समजत नसंल तं सांगा, तुमच्यासाठी येगळं बोलते.”

साडी कायम सुती, केसांना भरपूर तेल, पर्समध्ये खडू. खडू कशाला, तर बोलता बोलता त्यांना चौकोन आखायची सवय होती. टेबलावर, फरशीवर, एकदा तर रुग्णवाहिकेच्या दारावर. आडव्या रांगेत औषधांची नावं, उभ्या रांगेत तीच नावं. कोणतं औषध कोणत्या औषधासमोर कधी उभं राहिलं आणि काय झालं, ते त्या खणात लिहायचं. जिथं काहीच माहीत नाही, तो खण मोकळा ठेवायचा. त्या मोकळ्या खणावर कोणी अंदाजानं काही लिहिलेलं त्यांना खपत नसे. माझ्यासमोर एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, आमची गोळी एकदम गुणकारी आहे हो मॅडम, असं म्हटलं. बाईंनी त्याच्या हातात खडू दिला. “घ्या. कोनासमोर उभी केली, थे इथं लिहा.” त्या बिचाऱ्यानं खडू टेबलावर ठेवला आणि बॅग उचलली.

हे सगळं कुठून आलं, ते मला एकदाच कळलं. आम्ही एसटीनं यवतमाळला निघालो होतो. पुसद मागं पडलं आणि बाई आपणहून बोलायला लागल्या. लहानपणी त्यांच्या भावाला ताप आला होता. फार मोठा ताप. “याडीनं भगत बोलावला. सुई देनारा बोलावला. झाडाची साल उकळून पाजली. देवीले नवस बोलली. सारं एकाच दिवशी. भाऊ वाचला.” याडी म्हणजे आई. “मंग भगत म्हने माह्यानं वाचला, सुईवाला म्हने माह्यानं. तीन वर्सानं बहिनीले तसाच ताप आला. आता याच्यातलं काय करा? आजा म्हने भगत, बाप म्हने सुई. भांडन झालं. त्या भांडनात दोन दिवस गेले.”

मी पुढचं विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. खिडकीबाहेर कपाशी होती, त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. आर्णीला चहा घेतला तेव्हा त्या पुन्हा नेहमीसारख्या झाल्या आणि दुसऱ्या टपरीवरचाही अर्धा कप मागवून दोन्ही प्यायल्या.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती खरजेमुळं.

माझ्या केंद्राच्या हद्दीत मुलींची एक निवासी आश्रमशाळा होती. कोलाम आणि गोंड घरांतल्या मुली जास्त, थोड्या तांड्यांवरच्या. तिथं खरूज शिरली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला पुरळ, आणि रात्रभर खाजवणं. मी पुस्तकाप्रमाणं केलं. परमेथ्रिनची क्रीम प्रत्येकीला एक ट्यूब दिली आणि अधीक्षिकेच्या हातात सूचनांचा कागद ठेवला. संध्याकाळी आंघोळ, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला क्रीम, रात्रभर ठेवायची, सकाळी धुवायची, आठवड्यानं पुन्हा. कागदावर फार सोपं दिसत होतं.

तीन आठवड्यांनी गेलो तर खरूज तशीच. ट्यूबा मात्र रिकाम्या. वर ललिता नावाची सातवीतली एक मुलगी चेहरा सुजून पडलेली. तिला लघवी काळ्या चहासारखी होत होती. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या होत्या, आणि त्याचा परिणाम मूत्रपिंडांपर्यंत गेला होता. मी तिला गाडीत घालून बाईंकडे नेलं.

बाईंनी तिला दाखल केलं, सगळं मार्गी लावलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

“क्रीम देल्ली होती?”

“दिली होती, बाई. पोरी लावतच नाहीत. आळशी आहेत.”

“काहून लावत नाही?”

“आता ते मी कसं सांगू?”

“तुमी नका सांगू. त्यायले इचारलं?”

मी विचारलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं.

ललिता बरी व्हायला लागली. त्या रविवारी बाई आश्रमशाळेत आल्या. सोबत रामधन आणि चिंचोक्यांची पिशवी. मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि आम्हा पुरुषांना व्हरांड्यात काढलं. मला राग आला, मी डॉक्टर होतो. बाई म्हणाल्या, “डॉक्टर हाव, पन मानूस हाव. बाहेर बसा.”

आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. फरशीवर खडूनं पाच गोल काढले होते. एक, खाज लवकर थांबली पाहिजे. दुसरा, अंगाची आग होऊ नये. तिसरा, वास येऊ नये. चौथा, रोज रोज लावायची कटकट नको. पाचवा मोकळा. “अजून काही असंल तं सांगा, मी लिहिते.” प्रत्येक मुलीच्या हातात पाच चिंचोके. जे जास्त महत्त्वाचं वाटेल त्या गोलात जास्त टाकायचे. मग दोघींत काही कुजबूज झाली आणि मागून आवाज आला, “बाई, हॉलमंधी साऱ्यायसमोर कपडे काढा लागते.”

दोनच न्हाणीघरं होती, त्यातल्या एकाचं दार निखळलेलं. संध्याकाळी एवढ्या मुली सगळ्या अंगाला क्रीम लावणार कुठं? मोठ्या मुली ट्यूब हातात घेत, कपड्यांवरून कुठं कुठं बोटं फिरवत आणि उरलेली नाल्यात पिळून टाकत. अधीक्षिका रिकाम्या ट्यूबा मोजायची.

मला आत बोलावलं तेव्हा मुली पांगल्या होत्या. पहिल्या चार गोलांत थोडे थोडे चिंचोके होते. पाचव्यात ढीग होता. बाई त्या ढिगाकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या. मी त्या दिवसापासून कोणत्याही पेशंटला आळशी म्हटलेलं नाही.

त्यानंतरचा महिना बाईंनी जे केलं, ते अजून आमच्याकडे चवीनं सांगतात. खरजेवर आमच्या हाताशी चार औषधं होती. क्रीम, जुनं पांढरं लोशन, गंधकाचं मलम आणि आयव्हरमेक्टिनची गोळी. बाईंनी चारही स्वतःवर वापरून पाहिली. “मले खरूज नाही. म्हनून बरं होते का नाही, थे मले समजनार नाही. पन लावाचा तरास समजंल.” लोशन अंगभर लावून त्या ओपीडीत बसल्या आणि थोड्या वेळानं उठून उभ्याच राहिल्या. दुपारपर्यंत उभ्यानं पेशंट तपासले, कारण आग होऊन पाठ खुर्चीला टेकवत नव्हती. गंधकाच्या मलमाचे तीन दिवस रामधन खिडकीतून बोलत होता. गोळी घेतली त्या दिवशी त्यांच्या नोंदवहीत काय लिहू, असं मी विचारलं. “लिहा, पान्यासोबत गिळली. त्याच्यावर काही लिहासारखं नाही.”

नेमकं त्याच सुमारास जिल्ह्यानं उपचारांची पुस्तिका काढायचं ठरवलं. नेहमीच्या आजारांवर सगळ्या केंद्रांत एकसारखे उपचार व्हावेत, एवढाच उद्देश होता आणि तो बरोबरच होता. समिती नेमली. अध्यक्ष म्हणून बाहेरच्या जिल्ह्यातले त्वचारोगतज्ज्ञ आले. विद्वान माणूस, वागायला सौम्य, घड्याळाचा पक्का. बाई सदस्य होत्या. मला मराठी टायपिंग येत होतं, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.

यवतमाळच्या बैठकीला बाई चादर घेऊन आल्या. दवाखान्यातली जुनी, धुऊन विटलेली पांढरी चादर. तिच्यावर काळ्या शाईनं चौकोन आखलेले. कागद पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर अध्यक्षांचं सादरीकरण सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात बाईंनी एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं रामधनच्या हातात दिलं. पडदा झाकला गेला.

“चार औषधं,” बाई म्हणाल्या. “चार औषधांच्या सहा जोड्या होते. सहाही जोड्यायचं जेवढं छापून आलं, तेवढं मी इथं मांडलं. काही खनात गर्दी हाय, काहीत एखादं बारकं काम, अन् इथं पाहा, हा कोपरा. राहत्या शाळेतल्या पोरी. इथं मले कामाचं काहीच नाही भेटलं.”

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, चित्र स्पष्ट आहे. लोशनसमोर क्रीमचा फायदा मोठा दिसतो. लोशनसमोर गोळीचाही दिसतो, पण लहान. म्हणजे क्रीम गोळीपेक्षा वरचढ. आपण क्रीम लिहू आणि पुढं जाऊ.”

बाई रामधनकडे वळल्या. त्याच्या घरी पटाची बैलजोडी होती, शंकरपटात धावणारी. “रामधन, तुही जोडी एका जोडीच्या लय पुढं निंघाली. दुसऱ्या गावी दुसऱ्या कोनाची जोडी त्याच जोडीच्या थोडीशीच पुढं निंघाली. तं तुही जोडी त्या दुसऱ्या जोडीपेक्षा पक्की झाली काय?”

रामधन चादर धरून उभा, एवढ्या साहेबांसमोर. पण विषय बैलांचा होता. “असं कसं म्हनता येईन, बाई? पट सारखा पायजे ना. एक कोरड्यात धावली, एक चिखलात, तं काय सांगता? अन् मधातली जोडी त्या दिवशी आजारी असंल तं?”

कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते चादरीकडे पाहत होते.

“अन् क्रीम अन् गोळी सामनेसामने धावल्या, थे या खनात हाय,” बाई म्हणाल्या. “जवळपास बरोबरी. तुमच्याच कागदात हाय, साहेब. दोन्ही लिहा. कोनती घ्याची थे त्या शाळेले ठरवू द्या. लहान लेकरायले अन् दोन जिवाच्या बाईले गोळी नाही, थेही लिहा. अन् राहत्या शाळेसमोर लिहा, नक्की मालूम नाही.”

“मार्गदर्शक पुस्तिकेत ‘माहीत नाही’ लिहायचं? लोक काय म्हणतील?”

“म्हनतीन, खरं बोलले.”

मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून एक सदस्य बोलले. “बाई, करोनात हीच गोळी वाटायची होती, तेव्हा तुम्ही एकट्या अडून बसल्या होत्या. पुरावा दाखवा म्हणून. आता त्याच गोळीची बाजू घेता?”

हे खरं होतं. त्या काळात सगळे वाटत असताना बाईंनी ती गोळी वाटायला नकार दिला होता आणि त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलं होतं. जिल्ह्याच्या भांडारात या गोळीची खोकी अजून पडून होती, ती त्याच वेळची.

बाई चादरीवर हात ठेवून म्हणाल्या, “गोळी थेच हाय, सवाल येगळा हाय. तवा तुमी सवाल न इचारता जवाब वाटून राह्यले होते. मी गोळीच्या बाजूनं नाही अन् इरोधातही नाही. या खनात जे लिहिलं हाय, त्याच्या बाजूनं हाय.”

जेवणाची वेळ झाली होती. हात वर करायला सांगितले. क्रीमच्या बाजूनं सगळे, बाई सोडून. अध्यक्षांनी जाता जाता मला सांगितलं, “सर्वानुमते असं लिहा. एकाचं वेगळं मत लिहिलं की कागद कमकुवत होतो.” मी लिहिलं. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. पण खरं कारण तेही नव्हतं. ‘सर्वानुमते’ लिहिताना माझा हात थांबलाच नाही, एवढं ते सवयीचं वाटलं.

आठ दिवसांनी बाई एसटीनं माझ्या केंद्रात आल्या. माझ्यासमोर बसल्या आणि इतिवृत्ताचा कागद टेबलावर ठेवला.

“मी त्या दिवशी बैठकीत होती ना?”

“होत्या, बाई.”

“मंग माहं मत कुठं गेलं?”

“बाई, ती लिहायची एक पद्धत असते...”

“खोटं लिहाची पद्धत हाय थे.” आवाज चढला नव्हता. “मी हारली, त्याचं मले काही नाही. दहा खेप हारीन. पन उद्या कोनी हा कागद काढला, तं त्याले वाटन, त्या दिवशी कोनालेच काही सवाल पडला नव्हता. डॉक्टर, तुमी त्या पोरीले गाडीत टाकून आनलं होतं. तिचं तोंड पाह्यलं होतं तुमी.”

चहा न घेता त्या उठल्या. परत जायला बस लगेच नव्हती. फाट्यावर उन्हात उभ्या असलेल्या त्या मला खिडकीतून दिसत होत्या.

मी त्याच दुपारी दुरुस्तीचा कागद टाइप केला. एका सदस्याचं वेगळं मत होतं, ते त्यांच्या कारणांसह लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली, की मतदानाचा हक्क नसलेल्या इतिवृत्त लेखकालाही ती कारणं पटली आहेत. सही केली. कागद पाठवला आणि दोन आठवड्यांत समितीतून माझं नाव गेलं. बाईंचंही गेलं. पुस्तिका छापून आली. खरजेसमोर एकच ओळ होती, क्रीम.

आणि बाईंनी ती मोडली. लपूनछपून नाही. भांडाराकडे रीतसर मागणी करून गोळ्या काढल्या, मुदत स्वतः तपासली. आश्रमशाळेतल्या मुलींच्या आईवडिलांना निरोप गेले. ठरल्या दिवशी प्रत्येक मुलीचं वजन केलं आणि प्रत्येकीला एकटीला बोलावून विचारलं, गोळी पाहिजे की क्रीम. ज्यांना क्रीम पाहिजे होती, त्यांच्यासाठी न्हाणीघराला नवं दार बसवलं होतं. वजन कमी होतं त्या छोट्यांना नर्सबाईंनी एकेकीला आत नेऊन क्रीम लावली. अधीक्षिका, स्वयंपाकीण, सगळ्यांनी त्याच दिवशी औषध घेतलं. अंथरुणं उन्हात पडली. पुढं ठरल्या दिवशी दुसरा डोस.

महिन्यानं मी गेलो तेव्हा बहुतेक हात स्वच्छ होते. बाईंनी मात्र वहीत जे लिहिलं ते वाचून मी चक्रावलो. काही मुलींची खाज राहिली आहे, त्यांची नावं. आणि खाली, ‘खरूज गोळीमुळे गेली, की सगळ्यांना एकाच दिवशी औषध दिल्यामुळे, की दार बसवल्यामुळे, हे यावरून सांगता येत नाही.’

“बाई, हे कशाला लिहिता?” मी म्हणालो. “उद्या चौकशी झाली तर हेच तुमच्या विरोधात वापरतील.”

“वापरू द्या. मी खोटं लिहून जितली, तं माह्यात अन् भगतात काय फरक राह्यला?”

चौकशी आलीच. पुस्तिकेतला उपचार डावलून मुलींना गोळ्या का दिल्या, याचा खुलासा मागणारा कागद आला. बाईंचं उत्तर मी टाइप केलं. एवढंच होतं: ‘पुस्तिकेतला उपचार आधी झाला होता. तो चालला नाही. का चालला नाही, हे मुलींना विचारलं. त्यांनी सांगितलं, म्हणून दुसरा केला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.’ मी म्हटलं, शेवटची ओळ काढू या. बाई म्हणाल्या, शेवटची राहू द्या, वाटलं तं पहिल्या काढा.

पुढं काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. बाईंना लेखी समज मिळाली, त्या निवृत्त झाल्या आणि आता तांड्यावर भावाची तूर आणि सोयाबीन पाहतात. तुरीवर फवारताना अर्ध्या शेतात एक औषध आणि अर्ध्यात दुसरं मारून पाहतात, भाऊ वैतागतो. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायच्या वेळी त्याच अध्यक्षांचा मला फोन आला. चादरीचा फोटो आहे का, विचारत होते. नव्या पुस्तिकेत खरजेसमोर क्रीम आणि गोळी दोन्ही आहेत, कोणाला काय देऊ नये ते आहे, आणि निवासी शाळांबद्दल ‘पुरेशी तुलना उपलब्ध नाही’ अशी ओळ आहे. बाईंचं नाव कुठंच नाही. मी ते त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि छपाईची एक चूक काढली.

पण बाई म्हटलं की मला पुस्तिका आठवत नाही. मला चौकशीचा दिवस आठवतो.

यवतमाळहून एक अधिकारी आले होते. मुलींचे जबाब घ्यायचे होते, म्हणून बाईंना हॉलमध्ये यायला मनाई केली. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आत मुली रांगेनं फरशीवर बसलेल्या, पुढ्यात टेबल आणि टेबलावर अधिकाऱ्यांची वही.

“घाबरू नका,” अधिकारी म्हणाले. “तुम्हाला न विचारता, जबरदस्तीनं गोळी दिली, अशा मुलींनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. अधीक्षिका जागच्या जागी चुळबुळत होती. “मग तुमच्यासाठी क्रीम आली होती, ती का वापरली नाही? कोणीतरी बोला. मला काहीतरी लिहावं लागेल.”

मधल्या रांगेतून ललिता उठली. आता ती आठवीत होती. चेहरा भरला होता. दवाखान्यात पंधरा दिवस असताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, म्हणून तिचा आवाज मी त्या दिवशीच नीट ऐकला.

“साहेब, थे क्रीम आली तवा आमाले कोनं काही इचारलं नव्हतं. गोळी आली तवा इचारलं.”

“काय विचारलं?”

“आमाले काय पायजे म्हनून.”

“मग तू काय सांगितलंस?”

ललितानं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहून म्हणाली, “थे मी बाईले सांगतलं. तुमाले नाही सांगत.”

मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढच्या रांगेपर्यंत आलं. अधीक्षिकेनं दटावलं, पण ते थांबेना. अधिकारी पेन हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. ललिता बसली नाही. उभीच होती.

बाकावर बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवरच्या पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

“साहेबानं लिहून घेतलं काय, पाहा बरं,” त्या म्हणाल्या.

मी उठून खिडकीतून डोकावलो. अधिकारी मान खाली घालून लिहीत होते.

“घेताहेत, बाई.”

“मंग चाला,” बाई उठल्या. “पेशंट बसले असतीन.”